पैठणीचा रामा रंग आणि पडद्यावरचा रंग : मॉनिटर निवडीच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

येवल्यातील एका विणकर कुटुंबासाठी ६४ पैठण्यांचा छापील कॅटलॉग आणि त्याच छायाचित्रांचा ऑनलाइन विक्रीसाठीचा संच दसऱ्यापूर्वी तयार करण्याचे काम मी स्वीकारले आहे. गेल्या हंगामात याच कुटुंबाच्या तीन पैठण्या ग्राहकांकडून परत आल्या. विणकामाबद्दल किंवा जरीबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती. फोटोत पाहिलेला रंग हातात आलेल्या साडीचा नव्हता, एवढेच कारण तिन्ही वेळा दिले गेले. ती छायाचित्रे मीच काढली होती आणि माझ्याच मॉनिटरवर संपादित केली होती, त्यामुळे दोष दुसऱ्या कोणावर ढकलण्याची सोय नाही. परत आलेल्या तिन्हींपैकी दोन साड्या रामा, म्हणजे निळसर हिरव्या, रंगाच्या आणि एक राणी रंगाची होती, ही गोष्ट योगायोग वाटत नाही.

नवा मॉनिटर घ्यावा लागेल हे मला कळते आहे, परंतु कोणता घ्यावा हे ठरवण्याआधी जुन्याने नेमके काय चुकवले ते मोजून पाहणार आहे. ही वही त्यासाठी.

६ जून २०२४

आज मॉनिटरला हातही लावला नाही, केवळ खोली तपासली. माझ्या टेबलाच्या डाव्या हाताला खिडकी आहे, समोरच्या भिंतीला घरमालकांनी कधीकाळी लावलेला फिकट पिवळा ऑइल पेंट आहे आणि संध्याकाळी मी ३००० केल्विनचा उबदार एलईडी दिवा लावते. ढगाळ दुपारी खिडकीतून येणारा उजेड ६५०० केल्विनच्याही पुढे, म्हणजे निळसर असतो. सकाळी निळसर उजेडात सुरू केलेले संपादन मी संध्याकाळी पिवळ्या उजेडात पूर्ण करत होते आणि त्यात पिवळ्या भिंतीवरून परावर्तित होणारा प्रकाश स्क्रीनवर पडत होता.

डोळा अशा बदलाची तक्रार करत नाही, हीच अडचण आहे. खोलीतला उजेड बदलला की दोनेक मिनिटांत डोळा बहुतांशी त्याला सरावतो आणि कागद पुन्हा पांढराच दिसू लागतो. स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली तांदूळ आपल्याला पिवळे वाटत नाहीत, याचे कारण तेच. हा सराव रोजच्या जगण्यात वरदान असला तरी रंगाच्या कामात तो माणसाला नकळत फसवतो, कारण स्क्रीन स्वतःचा प्रकाश बाहेर टाकते आणि खोली दुसराच प्रकाश देते, तेव्हा डोळा दोहोंच्या मध्ये कुठेतरी अर्धवट सरावून थांबतो.

निर्णय : भिंतीला करडा मॅट रंग द्यायचा, खिडकीला जाड पडदा लावायचा आणि उबदार दिवा काढून टाकायचा. या तिन्हींचा एकत्रित खर्च मॉनिटरच्या किमतीपुढे किरकोळ आहे, आणि हे केल्याखेरीज महागडा मॉनिटर आणणे म्हणजे गळक्या मडक्यात पाणी भरणे ठरेल.

९ जून २०२४

नाशिकहून सकाळीच येवल्याला गेले. रंग कसा पाहायचा हे त्या विणकर कुटुंबातल्या काकांकडून शिकून घ्यावे, असा हेतू होता. काका ६७ वर्षांचे आहेत आणि वयाच्या बाराव्या वर्षापासून मागावर बसतात. रंग ठरवायचा झाला की ते लडी घेऊन उंबऱ्यापाशी जातात, सूर्याकडे पाठ करतात आणि रेशीम सावलीत धरून पाहतात. दुकानातल्या एलईडीखाली काठ आणि पदर यांचे दोन लाल धागे मला एकसारखे दिसत होते. उंबऱ्यावर नेल्यावर त्यातला एक चक्क विटकरीकडे झुकला. दोन वेगळ्या घाण्यांत, वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेले धागे एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात, यालाच रंगशास्त्रात मेटॅमेरिझम म्हणतात. काकांकडे त्याला नाव नाही, पण ‘दिव्याचा रंग खरा धरायचा नाही’ हा नियम त्यांच्या घरात तीन पिढ्या पाळला जातो.

दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगण्यासाठी खोक्यावर लिहिलेल्या सीआरआय या आकड्याबद्दल येथेच नोंदवून ठेवते. तो आकडा आठ फिकट, मवाळ रंगांच्या नमुन्यांवरून काढलेली सरासरी असते. गडद लाल रंगाचा नववा नमुना, ज्याला आर-९ म्हणतात, त्या सरासरीत धरलेलाच नाही. त्यामुळे ८० सीआरआयचा दिवा कागदावर बरा दिसूनही डाळिंबी आणि कुंकवाच्या रंगांना मारून टाकू शकतो.

दुसरी अडचण धूपछाव पैठण्यांची. त्यांत उभा ताणा एका रंगाचा आणि आडवा बाणा दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे साडी हलवली की रंग फिरतो. अशा साडीचा ‘खरा रंग’ कोणता, असे मी विचारले तेव्हा काका म्हणाले, “ताई, दोन्ही खरे. फोटोला एकच दिसतो, हे फोटोचं दुखणं.”

१४ जून २०२४

एका परिचित छायाचित्रकाराकडून दोन दिवसांसाठी कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजणारे उपकरण, आणला आणि जुना मॉनिटर मोजला. २४ इंची, टीएन या स्वस्त प्रकारच्या पॅनेलचा, नऊ वर्षांपूर्वी घेतलेला हा मॉनिटर २९० कॅन्डेला प्रति चौरस मीटर इतक्या उजेडावर चालत होता आणि त्याचा पांढरा ७४०० केल्विनच्या आसपास, म्हणजे स्पष्ट निळसर होता. साड्या परत येण्याचे कारण या दोन आकड्यांत बरेचसे सापडले. स्क्रीन गरजेपेक्षा अडीचपट उजळ असल्यामुळे मी प्रत्येक छायाचित्र नकळत गडद करत होते. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याशेजारी तीच स्क्रीन निळी वाटत असल्यामुळे मी प्रत्येक छायाचित्रात पिवळा मिसळत होते. रामा रंगात पिवळा मिसळला की तो हिरव्याकडे सरकतो. ग्राहकाने हिरवट साडी मागवली आणि तिला निळसर साडी मिळाली, असा हा हिशेब आहे.

टीएन पॅनेलचा आणखी एक दोष तर मोजायचीही गरज पडली नाही. खुर्चीत थोडे खाली सरकून बसले की पैठणीचा पदर काळवंडतो आणि ताठ बसले की फिकटतो. म्हणजे माझ्या पाठीच्या थकव्यानुसार साडीचा रंग ठरत होता.

२० जून २०२४

मॉनिटर कोणता घ्यावा या प्रश्नाआधी छायाचित्र शेवटी कुठे पाहिले जाणार, हा प्रश्न सोडवायला हवा, असे आता वाटते. या प्रकल्पात त्याची दोन ठिकाणे आहेत. पहिले ठिकाण म्हणजे ग्राहकांचे मोबाइल, दुसरे म्हणजे आर्ट पेपरवरची ऑफसेट छपाई. दोन्हींच्या गरजा वेगळ्या आहेत.

मोबाइलसाठी आणि इंटरनेटसाठी आजही एसआरजीबी ही रंगांची सामाईक भाषा आहे. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये ती मांडली आणि १९९९ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्या काळातल्या काचेच्या नळीच्या मॉनिटरांना जे रंग दाखवता येत, त्यांवरच ती बेतलेली आहे. ॲडोबी आरजीबी ही १९९८ ची, छपाई डोळ्यांसमोर ठेवून आखलेली अधिक रुंद व्याप्ती, म्हणजे दाखवता येणाऱ्या रंगांचा अधिक मोठा पट्टा. माणसाला दिसणाऱ्या रंगांचा जो घोड्याच्या नालासारखा नकाशा आहे, त्याचा सुमारे ३५ टक्के भाग एसआरजीबी व्यापते आणि सुमारे ५० टक्के ॲडोबी आरजीबी.

हे टक्के जाहिरातींत मोठ्या अक्षरांत छापतात, पण ते जपून वाचावेत. १९४२ मध्ये कोडॅकमधल्या डेव्हिड मॅकॲडम यांनी दाखवून दिले की या नकाशावर समान अंतर म्हणजे डोळ्याला दिसणारा समान फरक नव्हे. हिरव्याच्या भागात बरेच अंतर सरकले तरी डोळ्याला फरक कळत नाही आणि निळ्याच्या भागात थोडेसे सरकले तरी कळतो. ॲडोबी आरजीबीची जादा १५ टक्क्यांची जमीन मुख्यतः हिरव्या बाजूलाच आहे, म्हणून ‘दीडपट रंग’ हे वाक्य आकड्याने बरोबर असले तरी अनुभवाने खरे नाही.

मग रुंद व्याप्तीची आपल्याला गरज आहे का? माझ्या कामापुरते उत्तर एका रंगात दडले आहे. ऑफसेटची शुद्ध सायन, म्हणजे हिरवट निळी, शाई एसआरजीबीच्या बाहेर पडते, आणि रामा व मोरपंखी हे रंग नेमके त्याच दिशेला आहेत. कागदावर छापता येणारा रंग मला एसआरजीबी मॉनिटरवर दिसणारच नाही, म्हणजे छपाईची तयारी मी आंधळेपणाने करणार. निव्वळ ऑनलाइन विक्रीचे काम असते तर मी चांगला एसआरजीबी मॉनिटर घेऊन थांबले असते, आणि जी मंडळी फक्त मोबाइलसाठी फोटो करतात त्यांनी थांबावेच, असे माझे मत आहे.

२७ जून २०२४

बाजारातले पर्याय पाहिले. पॅनेलच्या प्रकारापासून सुरुवात केली. टीएन बाद. व्हीए पॅनेलचा काळा रंग गहिरा असतो, पण कडेने पाहिले की सावल्यांतले टप्पे बदलतात. २७ इंची स्क्रीनवर अर्ध्या मीटर अंतरावरून पाहताना कडा आपोआपच तिरप्या पडतात, म्हणून तेही बाद. ओएलईडीचा काळा निर्विवाद सुंदर असला तरी माझ्या स्क्रीनवर संपादनाच्या प्रोग्रॅमची तीच पट्टी रोज आठ तास एकाच जागी असते आणि तिचा डाग कायमचा उमटण्याचा धोका मला घ्यायचा नाही. शिवाय आर्ट पेपरवरच्या छपाईत सर्वांत पांढरे आणि सर्वांत काळे यांच्यातले प्रमाण शे-दोनशेच्या घरात असते, तेव्हा छपाईसाठी अथांग काळ्याचा उपयोग मर्यादित आहे. उरले आयपीएस, जे हिताचीने १९९६ मध्ये बाजारात आणले आणि ज्याचा रंग कडेने पाहिल्यावरही बराचसा टिकतो.

आयपीएसमध्येही तीन पायऱ्या दिसल्या. पहिल्या पायरीवर आसुस प्रोआर्ट पीए२७८क्यूव्ही यासारखे, पूर्ण एसआरजीबी व्यापणारे आणि कारखान्यातच जुळवून येणारे मॉनिटर आहेत. डेल यू२७२३क्यूई यासारखे मॉनिटर चित्रपटांसाठीच्या पी-३ व्याप्तीकडे झुकलेले आहेत. पी-३ मध्ये लाल अधिक असला तरी सायनच्या दिशेला ते ॲडोबी आरजीबीइतके जात नाहीत, म्हणून माझ्या रामा रंगाला त्यांचा फारसा आधार नाही. दुसऱ्या पायरीवर बेनक्यूच्या एसडब्ल्यू मालिकेसारखे, ॲडोबी आरजीबी ९९ टक्के व्यापणारे आणि हार्डवेअर कॅलिब्रेशनची सोय असणारे. तिसऱ्या पायरीवर आयझोच्या कलरएज मालिकेतले, ज्यांतल्या सीजी प्रकारात मोजणारा सेन्सर मॉनिटरच्या चौकटीतच बसवलेला असतो. तिसरी पायरी मनात भरली, पण हा कॅटलॉग तिचा खर्च फेडू शकत नाही.

हार्डवेअर कॅलिब्रेशनवर मी अडून बसण्याचे कारण चंद्रकळा, म्हणजे काळी पैठणी, आहे. साध्या कॅलिब्रेशनमध्ये दुरुस्ती संगणकाच्या ग्राफिक्स कार्डातून केली जाते आणि प्रत्येक रंगाचे जे २५६ टप्पे पडद्याकडे जातात त्यांतलेच काही त्यात खर्ची पडतात. काळ्या पैठणीच्या घड्यांत मग सलग छटेऐवजी पायऱ्या दिसू लागतात. हार्डवेअर कॅलिब्रेशनमध्ये ती दुरुस्ती मॉनिटरच्या आतल्या १४ किंवा १६ बिटांच्या तक्त्यात होते, त्यामुळे टप्पे शाबूत राहतात.

रिझोल्युशनचा निर्णय पटकन झाला. २७ इंचांवर २५६० × १४४० म्हणजे इंचाला सुमारे १०९ बिंदू, फोरकेमध्ये १६३. फोरकेवर अक्षरे रेखीव दिसतात, पण जरीची तार किती धारदार केली आहे हे मला १०९ वर अधिक नीट कळते आणि माझा संगणकही जुना आहे.

५ जुलै २०२४

दुसऱ्या पायरीवरचा एक मॉनिटर आला (वर ज्यांची नावे घेतली त्यांपैकी कोणत्याही कंपनीचा नाही) आणि तीन दिवसांत परत गेला. मध्यभागी मोजलेले रंग उत्तम होते. पण मी संपूर्ण स्क्रीनवर एकच करडा रंग भरला, तिचे पंचवीस चौकोन पाडून प्रत्येक चौकोन मोजला, तेव्हा उजवा खालचा कोपरा मध्यापेक्षा २२ टक्के मंद आणि गुलाबीकडे झुकलेला निघाला. मध्य आणि तो कोपरा यांतला फरक डेल्टा-ई सहाच्या वर होता. डेल्टा-ई एक म्हणजे शेजारी ठेवल्यावर सरावलेल्या डोळ्याला जेमतेम कळणारा फरक. सहा म्हणजे कोणालाही दिसणारा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर उलगडलेल्या पैठणीचा पदर त्या कोपऱ्यात आला की शुभ्र शिरोदकाची मोतिया होत असे.

विक्रेत्याने आधी ‘एवढे चालते’ असे सांगितले. पंचवीस चौकोनांचा तक्ता पाठवल्यावर माल परत घेतला. खोक्यावरची डेल्टा-ई दोनहून कमी ही ग्वाही बहुधा स्क्रीनच्या मध्यापुरती असते, हे यातून शिकले.

१२ जुलै २०२४

भाचा सुट्टीत मदतीला आला आहे. साड्यांचे फोटो रंगानुसार वेगळे करण्याचे काम त्याला दिले होते आणि त्याने मेहंदी व तपकिरी एकाच फोल्डरमध्ये टाकले. मी रागावले, तो गोंधळला. संध्याकाळी नेत्रतज्ज्ञाकडे रंगांधत्व तपासणाऱ्या इशिहारांच्या पट्ट्या दाखवल्या. १९१७ पासून वापरात असलेल्या या ठिपक्यांच्या पट्ट्यांतले अर्धेअधिक आकडे त्याला दिसले नाहीत. वीस वर्षांच्या मुलाला हे पहिल्यांदाच कळत होते. लाल-हिरव्याचा हा दोष एक्स गुणसूत्रावरून येत असल्याने पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे आणि स्त्रियांत अर्धा टक्का.

रागावल्याबद्दल त्याची माफी मागितली. रंगाचे काम करणाऱ्या प्रत्येकाने मॉनिटर तपासण्याआधी स्वतःचे डोळे तपासावेत, ही गोष्ट मला इतकी वर्षे सुचली नव्हती. आता कॅलिब्रेटरने मोजणी करण्याचे सगळे काम त्याच्याकडे आहे, आणि आकडे तो माझ्यापेक्षा काटेकोर लिहितो.

२२ जुलै २०२४

दुसरा मॉनिटर आला : २७ इंची, आयपीएस, २५६० × १४४०, ॲडोबी आरजीबी ९९ टक्के, हार्डवेअर कॅलिब्रेशनसह. पंचवीस चौकोनांत कमाल फरक डेल्टा-ई २.३. हा ठेवणार.

उजेड किती ठेवायचा हे या वेळी अंदाजाने न ठरवता हिशेबाने ठरवले. प्रूफ, म्हणजे छपाईचा चाचणी नमुना, पाहण्याच्या टेबलावर ५००० केल्विनचा, उच्च सीआरआयचा दिवा बसवला आणि लक्समीटरने तिथे ४०० लक्स मोजले. पांढरा आर्ट पेपर सुमारे ८५ टक्के प्रकाश परत टाकतो असे धरले तर त्याचा उजेड ४०० गुणिले ०.८५ भागिले ३.१४, म्हणजे १०८ कॅन्डेला प्रति चौरस मीटर येतो. म्हणून मॉनिटर ११० वर लावला. जुना २९० वर होता, हे आठवले की माझे जुने कॅटलॉग इतके गडद का छापले गेले याचे आश्चर्य वाटत नाही.

दोन मांडण्या साठवल्या. एक ऑनलाइन कामासाठी : एसआरजीबी व्याप्ती, ६५०० केल्विन. दुसरी छपाईसाठी : पूर्ण व्याप्ती आणि पांढरा मात्र कोरा आर्ट पेपर शेजारी धरून डोळ्याने जुळवलेला, जो मोजल्यावर ५७०० च्या आसपास निघाला. छपाईच्या मानकात ५००० लिहिलेले असूनही माझ्या स्क्रीनवर ५००० ठेवल्यास पांढरा पिवळट दिसतो. कागद आणि प्रकाशणारा पडदा यांचा पांढरा आकड्याने जुळला तरी डोळ्याला जुळेलच असे नाही, आणि येथे मी डोळ्याचे ऐकले.

२४ जुलै २०२४

रुंद व्याप्तीचा सापळा आजच भेटला. फोटो पाहण्याच्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये राणी रंगाची पैठणी उघडली आणि ती होळीतल्या गुलालासारखी भडकली. संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये तीच फाइल शांत होती. जुना प्रोग्रॅम रंगांचे प्रोफाइल, म्हणजे फाइलमधले आकडे कोणत्या व्याप्तीचे आहेत हे सांगणारी नोंद, वाचतच नाही. एसआरजीबीसाठी लिहिलेले आकडे तो तसेच रुंद पडद्याकडे ढकलतो आणि पडदा आपल्या ताकदीने ते रंगवतो. हे न कळता मी फाइलमधला राणी रंग उतरवला असता, तर ग्राहकाच्या मोबाइलवर तो फिकट पडला असता. प्रोग्रॅम काढून टाकला.

३ ऑगस्ट २०२४

आजचा दिवस या प्रकल्पातला सर्वांत मोलाचा. काका आणि त्यांची १९ वर्षांची नात नाशिकला आले होते. दिव्याखाली रामा रंगाचे कापड ठेवले आणि शेजारच्या स्क्रीनवर रंगाचा एक चौकोन मी माझ्या डोळ्यांना दोन्ही तंतोतंत जुळेपर्यंत बदलत राहिले. मग दोघांना वेगवेगळे बोलावून विचारले. काका म्हणाले, “टीव्हीतला हिरवा पडतोय.” नात म्हणाली की पडद्यावरचा अधिक निळा आहे. मी ४१ वर्षांची, दोघांच्या मधली. मला ते एकसारखे दिसत होते.

तिघांपैकी चुकले कोणीच नाही. कापड उजेडातल्या सगळ्या लहरी कमीअधिक प्रमाणात परत टाकते, तर पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीनच अरुंद प्रकाशांतून रंग जुळवतो. म्हणजे पडदा आणि कापड यांची प्रत्येक जुळणी उंबऱ्यावर फुटलेल्या त्या दोन लाल धाग्यांसारखीच असते. तिथे उजेड बदलला होता, येथे पाहणारा बदलला. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळसर होते आणि निळा प्रकाश अधिक शोषते. पडद्याच्या निळ्याची धार आखूड लहरींत एकवटलेली असल्याने काकांसाठी तो निळा जास्त कापला जातो आणि उरलेला रंग हिरवट होतो. पडद्याची व्याप्ती जितकी रुंद, तितके त्याचे तीन प्रकाश शुद्ध आणि अरुंद, आणि दोन माणसांतला हा मतभेद तितका मोठा. महागड्या मॉनिटरची ही बाजू कोणत्याही खोक्यावर छापलेली मी पाहिली नाही.

कॅलिब्रेटर तरी कोणाच्या डोळ्याने पाहतो? तो १९३१ च्या ‘प्रमाण निरीक्षका’च्या डोळ्याने पाहतो. त्या निरीक्षकाची घडण ब्रिटनमध्ये राइट आणि गिल्ड यांनी केलेल्या प्रयोगांतून झाली. राइट यांच्याकडे १० निरीक्षक होते आणि गिल्ड यांच्याकडे ७. त्या १७ जणांच्या सरासरीवर आजही जगभरचे मॉनिटर जुळवले जातात. ती सरासरी वाईट नाही, नव्वदहून अधिक वर्षे तिने काम दिले आहे, पण येवल्याच्या ६७ वर्षांच्या विणकराचा डोळा तिच्यात बसेलच असे धरता येत नाही.

यावरून ठरवले की अंतिम रंग एकाच्या डोळ्यावर मंजूर करायचा नाही. तिघांनी पाहायचे, आणि मतभेद झाला तर मधला धरायचा.

१० ऑगस्ट २०२४

संपादनाच्या प्रोग्रॅमची पार्श्वभूमी काळी होती, ती मध्यम करडी केली. हिरव्या अंगाची आणि लाल काठाची पैठणी पाहताना काठ मला नेहमी गरजेपेक्षा जळजळीत वाटे आणि मी तो उतरवत असे. काठ कापून करड्यावर एकटा ठेवला तेव्हा तो योग्यच होता. १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबेलँ विणकाम कारखान्यात रंगाई विभागाची जबाबदारी घेतलेल्या शेव्हरल यांच्याकडे विणकरांनी तक्रार केली होती की निळ्या-जांभळ्या कामातला काळा धागा फिका पडतो. रसायनशास्त्रज्ञ असलेल्या शेव्हरल यांनी रंग तपासला, तर तो निर्दोष निघाला. शेजारचे रंग काळ्याला फिका दाखवत होते. त्यातून त्यांनी १८३९ मध्ये रंगांच्या परस्पर विरोधाचा नियम मांडला. मॉनिटर कितीही चांगला असला तरी शेजाराचा हा परिणाम तो काढून टाकू शकत नाही आणि टाकूही नये, कारण साडी नेसणारी आणि पाहणारी दोघींनाही काठ आणि अंग एकत्रच दिसणार आहेत. माझे काम काठाचा रंग मापाने बरोबर ठेवण्याचे. बाकीचे डोळ्यावर सोडायचे.

२६ ऑगस्ट २०२४

छपाईचे पहिले प्रूफ. छापखान्यातल्या साध्या ट्यूबखाली सगळ्याच साड्या निस्तेज दिसल्या आणि छापखान्याच्या माणसाने लगेच मॅजेन्टा, म्हणजे किरमिजी शाई, वाढवण्याची तयारी दाखवली. मी त्याला थांबवले, प्रूफ घरी आणले आणि टेबलावरच्या दिव्याखाली स्क्रीनशेजारी ठेवले. ६४ पैकी ५७ साड्यांत स्क्रीन आणि कागद यांत तिघांपैकी कोणालाही अडवण्यासारखे काही सापडले नाही. तीन साड्यांत किरकोळ दुरुस्ती केली. चार उरल्या : दोन रामा, एक राणी, एक धूपछाव. राणीच्या रंगद्रव्यात बहुधा प्रतिदीप्ती आहे, म्हणजे ते पडलेल्या प्रकाशाचा काही भाग वेगळ्या लहरींत परत टाकते. चार शाईंच्या छपाईला ते तेज गाठता येत नाही. स्क्रीनने हे आधीच दाखवले होते. सॉफ्ट प्रूफमध्ये, म्हणजे छपाई कशी दिसेल ते स्क्रीनवरच दाखवणाऱ्या सोयीत, याच चार साड्यांवर रंग छपाईच्या व्याप्तीबाहेर असल्याचा इशारा उमटत होता आणि मी आशेने तिकडे दुर्लक्ष केले होते.

४ सप्टेंबर २०२४

ऑनलाइन संच चार मोबाइलवर पाहिला. एका मोबाइलवर ‘व्हिविड’ मोड चालू, दुसऱ्यावर रात्रीचा पिवळा फिल्टर. चारही ठिकाणी रंग वेगळा. यावर माझा इलाज चालत नाही. प्रत्येक साडीखाली रंगाचे विणकरांच्या बोलीतले नाव लिहिले आणि पदराचा एक जवळचा फोटो खिडकीपाशी, सावलीत काढून जोडला. ज्या ग्राहकाला ‘रामा’ आणि ‘मोरपंखी’ यांतला फरक ठाऊक आहे, तिला नावच फोटोपेक्षा अचूक सांगते.

१८ सप्टेंबर २०२४

मॉनिटर पुन्हा मोजला. सरासरी डेल्टा-ई ०.९, पांढरा जागेवर; उजेड ११० वरून १०६ वर आला होता, तो पुन्हा चढवला. कॅलिब्रेशन दर महिन्याला करण्याचे ठरले असून पुढची तारीख भाच्याने खिडकीवर चिकटवून ठेवली आहे.

उरलेल्या चार साड्यांचा प्रश्न काकूंनी सोडवला. कॅटलॉगच्या त्या चार पानांवर फोटोशेजारी त्याच घाण्यातल्या रेशमाचा बोटभर तुकडा चिकटवायचा, आणि धूपछावसाठी ताण्याचा व बाण्याचा असे दोन धागे पीळ देऊन. ३०० प्रती म्हणजे १२०० तुकडे होतात. काकूंनी कालपासून कांड्यांवर उरलेले रेशीम कापायला घेतले आहे. डिंकाने राणीवर डाग पडतो, म्हणून त्या पानांवर धागा टाक्याने अडकवणार आहेत.